नव्याण्णव हत्या आणि एक प्रश्न



नव्याण्णव माणसांची हत्या केलेल्या इसमाची हकिगत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. पश्चात्ताप झाला तेव्हा तो एका एकांतवासी उपासकाकडे गेला आणि आपल्यासाठी तौबेचा मार्ग आहे काय, असे त्याने विचारले. उपासकाने नाही म्हणून सांगितले. त्याने उपासकालाही ठार केले आणि शंभर पुरे झाले. मग तो एका ज्ञानी पुरुषाकडे गेला. ज्ञानी पुरुषाने तौबेचे दार उघडे असल्याची ग्वाही दिली, परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. स्वतःच्या गावी परतू नकोस, ती भूमी वाईट आहे; अमुक वस्तीत सदाचारी लोक राहतात, तेथे जा, असे त्याने बजावले.

ही हकिगत आपण अनेकदा ऐकतो, पण त्या गाव सोडण्याच्या आज्ञेवर क्षणभर थांबत नाही. गुन्हेगाराचे मन आणि त्याच्या भोवतीची माणसे, या दोहोंचा विचार त्या ज्ञानी पुरुषाने एका वाक्यात केला होता. आधुनिक जगाला तेथवर पोहोचायला शंभर वर्षे लागली, आणि वाटेत त्याने त्या उपासकाची चूकही करून पाहिली.

इटलीतील चेझारे लोंब्रोझो याने १८७६ साली गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो आणि तो कवटी-जबड्यावरून ओळखता येतो, असा सिद्धांत मांडला. तो टिकला नाही. पुढे मानसशास्त्राने शरीराऐवजी बालपणाकडे पाहिले. लंडनच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात जॉन बाउल्बी यांनी ४४ चोर मुलांचा अभ्यास केला आणि तो १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील १४ मुलांना कोणाविषयीच माया वाटत नव्हती. या १४ पैकी १२ जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून दूर राहिले होते, कोणी रुग्णालयात, कोणी परक्या घरी. (हे वाचून आयांना दोष देऊ नये, ताटातूट आईच्या मर्जीने झालेली नसते.) १९६१ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी मोठ्यांना बाहुलीला मारताना पाहणारी मुले तसेच मारू लागतात, हे दाखवून दिले.

अशा सिद्धांतांतून एक धोरण जन्मले: गुन्हेगार हा रुग्ण आहे आणि तुरुंग हे त्याचे रुग्णालय. ऐकायला हे दयाळू वाटते. पण रुग्ण केव्हा बरा झाला, हे ठरवणार कोण? अमेरिकेतील कॅलिफोर्नियात दरोड्यासारख्या गुन्ह्याला ‘एक वर्ष ते आजन्म’ अशी शिक्षा होत असे, आणि सुटकेचा दिवस मंडळाच्या मर्जीवर अवलंबून राही. ज्याला आपल्या शिक्षेचा शेवट ठाऊक नाही, त्याच्यावर दयेच्या नावाखाली जुलूमच होत होता. न्यायाला मोजमाप लागते.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन यांनी सुधारणा-कार्यक्रमांच्या २३१ अभ्यासांचा आढावा घेऊन निराशाजनक लेख लिहिला. कशानेच काही होत नाही, एवढाच त्याचा अर्थ लोकांनी घेतला. त्यांनी स्वतः १९७९ मध्ये ते मत बरेचसे मागे घेतले, पण राज्यकर्त्यांना पहिला लेखच सोयीचा होता. १९८४ च्या कायद्याने अमेरिकेच्या संघीय तुरुंगव्यवस्थेतून पॅरोल रद्द झाला. त्या उपासकाचे उत्तर आता कायद्याच्या भाषेत दिले जात होते. १९९० च्या सुमारास डॉन अँड्र्यूज, जेम्स बोंटा आदी कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी वेगळे सांगितले: ज्याचा धोका अधिक त्याच्यावर अधिक मेहनत घ्या, आणि त्याची विचारपद्धती व सोबती बदला.

इस्लामची भूमिका येथे स्पष्ट आहे. पवित्र कुरआन वाईटाकडे ओढणाऱ्या नफ्सचा उल्लेख करतो, तसाच स्वतःला दोष देणाऱ्या नफ्सचाही. म्हणजे ओढ खरी आहे आणि तिला रोखणारा आवाजही खरा आहे. म्हणून माणूस जबाबदार ठरतो. परंतु परिस्थितीकडे डोळेझाक करणे हा न्याय नव्हे. इमाम मालिक यांच्या मुवत्ता ग्रंथात आले आहे की, हातिब यांच्या गुलामांनी मुजैना टोळीतील एकाची उंटीण चोरून कापली. आदरणीय उमर (र.) यांनी प्रथम हात कापण्याचा आदेश दिला, मग त्यांना शंका आली की मालकच यांना उपाशी ठेवतो. त्यांनी उंटिणीची किंमत विचारली, ती चारशे दिरहम निघाली, आणि मालकाला आठशे भरायला लावले.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक प्रयोग झाला आहे. औंध संस्थानाच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. तेथे भिंती नव्हत्या. शेती होती, आणि कैद्याचे कुटुंब त्याच्यासोबत राहू शकत होते. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचला. तुरुंगालाच सदाचाऱ्यांची वस्ती करून दाखवण्याचा तो प्रयत्न होता.

परंतु शिक्षा संपल्यावर माणूस तुरुंगातून आपल्याच मोहल्ल्यात येतो. त्याला दुकानात कामाला कोण ठेवतो? त्याच्या बहिणीचे स्थळ त्याच्यामुळे मोडत नाही काय? मशिदीत त्याच्या शेजारची जागा सोडून आपण पुढच्या रांगेत सरकतो, आणि जुने सोबती मात्र नाक्यावर त्याची वाट पाहत उभे असतात. ज्या वाईट भूमीतून निघून जायला त्या ज्ञानी पुरुषाने सांगितले होते, ती भूमी आपणच त्याच्याभोवती आखून देतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी एका माणसाला मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा झाली. एकदा फटके मारून झाल्यावर जमावातील कोणी त्याला शाप दिला. शिक्षा प्रेषितांनी रोखली नव्हती. शाप मात्र त्यांनी तेथेच रोखला, आणि हा माणूस अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी साक्ष सर्वांसमोर दिली.