रोवलेला दात आणि राखलेला दात

काढाव्या लागलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवणे, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा मळसूत्री खुंट रोवून त्यावर कृत्रिम दात चढवणे, ही आधुनिक दंतवैद्यकाची मोठी कमाई आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या यशातून बळावलेल्या समजुतीचा. दुखऱ्या दाताची डागडुजी करत बसण्यापेक्षा तो काढून इम्प्लांट बसवले की कटकट कायमची मिटते, असे मानले जाऊ लागले असून, इम्प्लांट नेमके काय भरून देते आणि काय देऊ शकत नाही, हा विचार त्यात मागे पडतो.

1950च्या दशकात स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशांच्या हाडातील रक्ताभिसरण अभ्यासत असताना, त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची उपकरणे हाडातून सुटेनाशी झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. जिवंत हाड आणि धातू यांच्यामध्ये मऊ ऊतींचा थर न येता होणाऱ्या या थेट सांध्याला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हे नाव मिळाले. 1965 मध्ये ज्या रुग्णाच्या जबड्यात असे खुंट प्रथम बसवण्यात आले, त्याला ते चाळीस वर्षांहून अधिक काळ, म्हणजे मृत्यूपर्यंत साथ देत राहिले. कवळी हिरडीवर टेकते आणि तिच्याखालचे हाड झिजत जाते, तर ब्रिजसाठी शेजारचे दात, ते निरोगी असले तरी, घासावे लागतात. इम्प्लांट या दोन्ही अडचणी टाळते, हे त्याचे खरे सामर्थ्य.

तथापि हाडाशी होणारा हाच थेट सांधा इम्प्लांटची मर्यादाही ठरवतो. नैसर्गिक दात हाडात घट्ट बसवलेला नसून, त्याच्या मुळाभोवती सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो, ज्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. हा थर चावण्याचा धक्का शोषतो आणि त्यातील चेतातंतू दाबाची सूक्ष्म जाणीव मेंदूला पोहोचवतात. भातातला बारीक खडा दाताखाली येताच जबडा क्षणात थबकतो, तो प्रामुख्याने या जाणिवेमुळे. इम्प्लांटभोवती हा थर नसल्याने दाबाची जाणीव हाड, स्नायू आणि सांध्यांमार्फत, तुलनेने बोथट स्वरूपात होते. शिवाय नैसर्गिक दात वाढत्या जबड्याबरोबर सरकतो, इम्प्लांट मात्र जागचा हलत नाही. म्हणूनच जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत ते बसवणे सहसा टाळले जाते.

इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे असले, तरी त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड झिजण्याचा विकार, ज्याला पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात, जडू शकतो. तोंडाची अस्वच्छता, धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे त्याचा धोका वाढतो. ज्या कारणांनी दात गेला, बहुधा तीच कारणे त्याच्या जागी आलेल्या इम्प्लांटच्याही मुळावर उठतात. महाराष्ट्रात तर दात घासण्यासाठी म्हणून वापरली जाणारी मिश्री, म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू, अनेक घरांत अजून सुटलेली नाही, आणि सुपारी-गुटख्याच्या सेवनाने तोंडाच्या आतील त्वचा ताठर होऊन ज्यांचे तोंडच पुरेसे उघडत नाही, त्यांच्या दाढेपर्यंत उपकरणे पोहोचवणेही अवघड होते. अशा रुग्णाची सवय न बदलता केवळ खुंट रोवणे, म्हणजे रोगाला हात न लावता त्याचा परिणाम तेवढा झाकणे होय.

याचा अर्थ प्रत्येक दात हट्टाने राखावा असा नव्हे. मूळ उभे चिरलेला दात सहसा वाचत नाही, आणि जुनाट संसर्ग असलेला दात तोंडात ठेवल्यास पुढे इम्प्लांटला लागणारे हाडच नष्ट होऊ शकते. अशा वेळी वेळेवर दात काढणेच शहाणपणाचे. मात्र रूट कॅनाल, हिरडीचे उपचार आणि कॅप यांनी जो दात आणखी काही वर्षे नीट चालेल, त्याच्याबाबतीत दोन्ही पर्याय एकाच तराजूत घालता येत नाहीत, कारण राखलेल्या दाताच्या जागी पुढे इम्प्लांट बसवता येते, पण इम्प्लांटसाठी काढलेला दात त्याच्या लिगामेंटसह परत मिळत नाही. म्हणून दात वाचवण्यासारखा का नाही, याचे कारण एक्स-रे दाखवून समजावून देणे ही दंतवैद्याची जबाबदारी आहे आणि ते विचारणे हा रुग्णाचा हक्क. खर्चाची बोलणी त्यानंतर व्हावीत.