नव्या भिंतीची शाकारणी

मृग जवळ आला की निपाणी-चिक्कोडीकडच्या खेड्यांत अजूनही कुणी ना कुणी छपरावर चढलेलं दिसतं. फुटकं कौल काढायचं, सरकलेलं बसवायचं, पन्हळीतला पाला उपसायचा. ही शाकारणी पुस्तकातून कुणी शिकत नाही; बापाला खालून कौलं देता देता ती पोराच्या हातात उतरते.

तरी जुनी घरं प्रत्येक संकटाला पुरी पडली नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा-दूधगंगा पात्राबाहेर आल्या, यमगर्णीपाशी महामार्गावर पाणी चढलं आणि गावोगावी भिजलेल्या मातीच्या भिंती बसल्या. अशा वेळी लवकर उभं राहणारं, हलकं घर मागणं रास्तच. असं एक घर थर्माकोलचं; त्याचं नाव काढलं की लोक बिचकतात. पण त्यात मधे थर्माकोल, दोन्ही बाजूंना तारेची जाळी आणि तिच्यावर सिमेंटचा जाड थर असतो. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवा, त्यामुळे उन्हाचा तडाखा आत कमी पोचतो. इंदूरला तर सिमेंट-थर्माकोलच्या पॅनेलची १०२४ घरं सरकारी योजनेत उभारली गेली. त्यांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ ची.

मला या भिंतीची भीती वाटत नाही. काळजी वाटते ती तिच्यात राहायला जाणाऱ्यांची, कारण तिची निगा त्यांना कुणी शिकवलेली नसते. गिलाव्याला बारीक चीर गेली तर थर्माकोल फारसं पाणी पीत नाही, पण जाळीला गंज धरतो. म्हणून चीर पावसाआधीच बुजवायला हवी. उघडं राहिलेलं भोक मुंग्या आणि उंदीर पोखरतात. पेट्रोल किंवा थिनर लागलं तर थर्माकोल विरघळतो. विजेची वायर त्याला थेट चिकटून राहिली तर तिचं वेष्टण काही वर्षांत कडक होऊन तडकतं, म्हणून ती नळीतूनच न्यावी लागते. आणि आग! गिलावा हेच या भिंतीचं चिलखत. नळासाठी फोडलेली जागा तशीच ठेवणं, त्यातही स्वयंपाकघरात, जिवावरचं आहे. पत्र्याखाली नुसते थर्माकोलचे तक्ते चिकटवतात तिथे तर हे चिलखतच नाही. चुलीवर, गॅसवर ते असूच नयेत.

घरात माणूस सुखी आहे का, हे किल्ली मिळाल्याच्या दिवशी कळत नाही. पहिल्या उन्हाळ्यात सगळेच खूश असतात. भांड्यांची मांडणी ठोकताना खिळा भुसभुशीत शिरतो, तेव्हा विश्वास डळमळतो. जाळीला धरणारी खुंटी वापरायची, हे तेव्हा सांगणारं कुणीतरी जवळ हवं. मोठ्या कारागिरांपेक्षा ही विद्या गल्लीतल्या गवंड्याला आणि वायरमनला आधी मिळावी, असं मला मनापासून वाटतं. किल्लीबरोबर एक कागदही हातात पडावा, मराठीत आणि कन्नडमध्ये, चित्रांसकट: वायर कुठून गेली आहे, जड वस्तू कुठे टांगायची, चीर कशाने भरायची, आणि अडलं तर कुणाला हाक मारायची.