निमेष आणि पडदा

डोळ्यांना कमी शिणवणारा मॉनिटर कोणता, हा प्रश्न वरवर पाहता यंत्राच्या निवडीचा वाटतो. परंतु शीण दृश्य वस्तूत असतो, पाहणाऱ्या इंद्रियात असतो की त्या दोहोंच्या संबंधात असतो, हे ठरवल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात रोगाच्या तीन कारणांपैकी एक ‘असात्म्येन्द्रियार्थसंयोग’, म्हणजे इंद्रियाचा त्याच्या विषयाशी घडणारा न मानवणारा संबंध, असे सांगितले आहे. अतितेजस्वी पदार्थ प्रमाणाबाहेर पाहणे हा डोळ्यांचा अतियोग, मुळीच न पाहणे हा अयोग, आणि अगदी जवळचे, अतिदूरचे, भयानक किंवा किळसवाणे पाहणे हा मिथ्यायोग. भयानकाच्या पंक्तीला निव्वळ जवळचेही बसवावे, ही त्या ग्रंथाची सूक्ष्म दृष्टी मोठीच म्हटली पाहिजे; कारण जवळचे पाहताना डोळ्याच्या भिंगाभोवतीचा स्नायू सतत आकुंचित राहतो, हे आज शरीरशास्त्रही सांगते.

चांगल्या मॉनिटरचे गुण याच चौकटीत तपासता येतात. उजेड मंद करण्यासाठी कित्येक पडदे आपला दिवा सेकंदाला शेकडो वेळा विझवतात आणि पेटवतात. ही लुकलुक सहसा जाणवत नसली तरी काहींना बाधते, म्हणून विद्युतप्रवाह घटवून उजेड कमी करणारा पडदा अधिक बरा. चकाकी नसलेला मॅट पृष्ठभाग, खोलीतील उजेडाशी जुळणारी प्रखरता, हातभर अंतरावरून वाचता येतील अशी ठळक अक्षरे, एवढ्याने अतियोग आणि मिथ्यायोग बरेच टळतात. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांचा मात्र संगणकामुळे येणारा शीण घालवण्यास अल्पकाळात तरी बहुधा उपयोग होत नाही, असे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ सालच्या आढाव्यात आढळले.

तरीही एक गोष्ट कोणत्याही पडद्याच्या हाती नाही, ती म्हणजे निमेष, पापणीची उघडझाप. माणूस साधारणपणे मिनिटाला १५ वेळा पापणी लववतो. पडद्यावर मन गुंतले की हे प्रमाण बरेच घटते आणि डोळा कोरडा पडतो. हठयोगातील त्राटकातही अश्रू येईपर्यंत पापणी रोखून पाहायचे असते, पण ते संकल्पपूर्वक. येथे ते नकळत घडते. वैशेषिक दर्शनाच्या मूळ सूत्रांत निमेष-उन्मेष, म्हणजे पापणीचे मिटणे-उघडणे, हे श्वासोच्छ्वासाबरोबर आत्म्याचे लिंग, म्हणजे त्याच्या अस्तित्वाचे अनुमान करून देणारी खूण, मानले आहेत. लाकडी बाहुलीच्या नियमित हालचालीवरून जसा सूत्रधार कळतो, तसा पापण्यांच्या नियमित क्रियेवरून चेतन कर्ता कळतो, असे त्या दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद म्हणतो. मग पडद्यापुढे पापणी लवेनाशी होते, तेव्हा सूत्र कोणाच्या हाती असते, हा प्रश्न केवळ नेत्रवैद्याचा उरत नाही.

चरकाने सांगितलेले रोगाचे आणखी एक कारण म्हणजे प्रज्ञापराध, बुद्धी, धृती आणि स्मृती ढळल्याने घडणारे अहितकर कर्म. रात्री उशिरापर्यंत स्वेच्छेने पडदा न्याहाळणाऱ्याला हा शब्द लावता येईल; परंतु ज्याचे पाहण्याचे तास, बसण्याची जागा आणि समोरचा मॉनिटरही मालक ठरवतो, त्या नोकरदाराच्या माथी तो मारणे अन्यायाचे आहे. त्याच्या बाबतीत इंद्रिय एकाचे आणि संयोग घडवून आणणारी बुद्धी दुसऱ्याची असते, म्हणून अपराधही त्या दुसऱ्याचाच मानावा लागतो.