परक्या झेंड्याखालचे इमान

सातपुड्यातील काठीची राजवाडी होळी पाहून आलेला माणूस तेथील भिल्लांचा स्वाभिमान विसरत नाही. म्हणूनच खानदेशच्या इतिहासातील एक पान वाचताना मन अडखळते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पण डोंगर काही वश होईनात. अखेर १८२५ साली आउट्रमसाहेबाने भिल्लांचीच पलटण उभारली. काल ज्यांचा पाठलाग होत होता, तेच आता पगार घेऊन भाऊबंदांचा माग काढू लागले.

त्यांना फितूर म्हणावे काय? जीभ चटकन उचलते. पण ज्याच्या चुलीत विस्तव नाही, त्याच्या राजीखुशीला अर्थ तो किती?

दूरच्या एस्टोनियातही असाच पेच पडला होता. १९४३ साली जर्मनांची सक्तीची भरती चुकवून तेथील तरुण समुद्र ओलांडून फिनलंडच्या फौजेत शिरले. १९४४ साली रशियन सैन्य मायदेशात घुसताच त्यांतले बरेच जण परत फिरले. आपल्याकडे खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात इंग्रजांची चाकरी करी. १८५७ साली तोच त्यांच्यावर उलटला.

म्हणजे झेंडा परका असणे हा खरा दोष नव्हे. भाकरीसाठी हात विकावे लागतात. पण बंदूक कोणावर रोखायची हा विचारही विकला, की माणूस स्वतःलाच परका होतो.

आणि जे उलटले नाहीत, त्यांचे काय? फराळाच्या भरल्या ताटाशी बसून त्यांचा न्याय करायला मी तरी धजत नाही.