थांबलेल्या गाडीचे ऋण

होसकोटे हे बंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या रस्त्यावर वसलेले गाव. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर आणि कोलार यांच्याबरोबर त्याचेही नाव येते. त्यामुळे मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. या गावाला स्वतःचे रेल्वेस्थानक नाही. जी वस्तू कधीच नव्हती, तिची उणीव माणसाला भासते. परंतु जिच्यावर विसंबून संसाराची घडी बसवली, ती वस्तू काढून घेतली गेली, तर नुसती उणीव उरत नाही, विश्वासाला तडा गेल्याचे दुःखही उरते. हा फरक होसकोट्याच्या शेजारच्या गावांना ठाऊक आहे.

बौरिंगपेठ, म्हणजे आजचे बंगारपेट, येथून कोलारपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी १९१३ साली धावू लागली. म्हैसूर संस्थानचे दिवाण तेव्हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. याच मुलखातील मुद्देनहळ्ळीत जन्मलेले, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत नावारूपास आलेले हे गृहस्थ. पुढील काही वर्षांत श्रीनिवासपूर, चिंतामणी, शिडलघट्टा, चिक्कबळ्ळापूर, देवनहळ्ळी अशी गावे जोडीत हा मार्ग यलहंक्यावरून बंगळूरला येऊन मिळाला. श्रीनिवासपूरचा आंबा आणि शिडलघट्ट्याचा रेशीमकोश यांच्या या प्रदेशात गाडीची चाल मंद होती. पण ज्याच्या दारी बैलगाडीही नव्हती, त्याच्यासाठी ती येत होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या मार्गाच्या रुंदीकरणाचे काम हाती आले आणि छोटी गाडी थांबली. कोलार ते चिक्कबळ्ळापूर या भागात मोठी गाडी धावू लागली, तेव्हा २०१३ साल उजाडले होते. स्थानके पुन्हा जागी झाली, फलाटावर माणसे जमली, हारतुरे झाले. आयर्लंडमधील मिडलटन या छोट्या गावाचेही असेच झाले. तेथील प्रवासी गाडी १९६३ मध्ये बंद पडली व २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली. मध्ये शेहेचाळीस वर्षे गेली. देश निराळे, माणसांचा आनंद मात्र सारखाच.

वाचकहो, येथे एक प्रश्न मनात येतो. काढून घेतलेली गोष्ट दीर्घकाळाने परत दिली, म्हणजे ऋण फिटले काय?

हिशेबनीस म्हणेल, की मूठभर उतारूंसाठी गाडी चालवणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. तो पैसाही गरिबाच्याच घामाचा असतो, आणि जेथे बस अधिक सोयीची, तेथे रुळांचाच आग्रह धरणे हा शहाणपणा नव्हे. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु त्या नव्व्याण्णवांच्याही चाऱ्याची चिंता कोणाला तरी वाहावीच लागते.

तथापि हिशेबनिसाच्या वहीत एक रकाना नेहमी कोरा राहतो. विकलेली तिकिटे तो मोजतो. गाडी नाही म्हणून जी मुलगी महाविद्यालयात गेली नाही, जो रोगी शहरातील दवाखान्यापर्यंत पोहोचला नाही, त्यांची नोंद कोठेच होत नाही. शिवाय फेऱ्या आधी कमी करायच्या आणि मग उतारू नाहीत म्हणून बोट दाखवायचे, हा तर न्यायाचा आभासच होय. आपल्या विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची ‘शकुंतला’ गेल्या दशकात थांबली. तिची वाट पाहणाऱ्यांना विचारावे, म्हणजे या कोऱ्या रकान्याचे वजन कळेल.

म्हणून मला वाटते, की कर्तव्य रुळांशी नसून माणसाशी आहे. एखादी सोय बंद करणे प्रसंगी योग्यही असेल. परंतु बंद करणाऱ्याने आधी तिच्यावर विसंबलेल्यांना विचारावे, मधल्या काळासाठी दुसरा मार्ग द्यावा, आणि ‘तात्पुरते’ हा शब्द उच्चारला असेल तर तो पाळावा. विकासासाठी थांबा, असे सांगणे सोपे आहे. थांबण्याची किंमत मात्र सांगणारा देत नाही, थांबणारा देतो. ज्याच्या दारी मोटार आहे, त्याला वीस वर्षे म्हणजे बातमी. ज्याच्या दारी ती नाही, त्याला वीस वर्षे म्हणजे मुलाचे सारे शिक्षण.

पुन्हा उघडलेल्या स्थानकाचा आनंद अवश्य मानावा. परंतु त्याला देणगी समजू नये. ते उशिरा झालेले देणे आहे. देणे फेडणाऱ्याच्या मुद्रेवर दात्याचा अभिमान शोभत नाही. विलंबाची जाणीव शोभते. जे वाट पाहता पाहता म्हातारे झाले, त्यांना नवी गाडी काहीच परत देऊ शकत नाही. एवढे स्मरण ठेवले, तरी पुढचे दार लावताना आपला हात क्षणभर अडखळेल.

आपल्या घरांत आणि संस्थांतही अशी लहान स्थानके असतात: थोड्यांसाठी चालणारी एखादी शाळा, कोणी फारसे येत नाही म्हणून बंद केलेली वाचनखोली, दूरच्या म्हाताऱ्या आप्ताकडची थांबलेली ये-जा. ‘पुढे पाहू’ म्हणून आपणच ती बंद केलेली असतात. तेथे कोणी अजून फलाटावर उभे आहे काय, हे एकदा जाऊन पाहिले पाहिजे.