उपासकाचे घड्याळ

उपासकाने संग्रह करावा काय, हा प्रश्न आपल्या लोकांत फारसा कोणी विचारीत नाही. कारण उघड आहे. संग्रह करण्यासाठी मुळात हातात काही असावे लागते, आणि ते आपल्या हातात येऊन फार पिढ्या झालेल्या नाहीत. परंतु आता आपल्यातही नोकरदार वर्ग उभा राहिला आहे. शिक्षक, कारकून, ग्रामसेवक, बँकेतील कर्मचारी यांच्या घरांत गरजेपेक्षा चार वस्तू अधिक आल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या विचारावाच लागेल. मी तो एका लहानशा वस्तूच्या निमित्ताने मांडतो. ती वस्तू म्हणजे किल्लीचे मनगटी घड्याळ.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात मी शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. या भागात नोकरीस आल्यावर मला जुन्या घड्याळांचा नाद लागला. आज माझ्याजवळ सात आहेत, आणि सातही एचएमटीची. एकेक आठवडा एकेक बांधतो. आमच्या ओळखीत असे आणखी तीन-चार शिक्षक आहेत. सुटीच्या दिवशी जमलो की एकमेकांची घड्याळे कानाला लावून ऐकतो. बाहेरच्या माणसाला हे पाहून हसू येईल, आणि ते योग्यच आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो, त्यात सेकंदापर्यंत बरोबर वेळ असते. माझे जुने घड्याळ दिवसाकाठी मिनिटभर पुढेमागे होते, पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते, आणि रोज सकाळी आठवणीने किल्ली दिली नाही तर दुसऱ्या दिवशी मुकाट बंद पडते. म्हणजे वेळ कळावी म्हणून हे घड्याळ ठेवले आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला सरळ विचारले, "गुरुजी, मनगट एक आणि घड्याळे सात? तृष्णेविषयी भगवंतांनी काय सांगितले, ते तुम्हीच आम्हाला वर्षावासात वाचून दाखवता ना?" प्रश्न थट्टेचा नव्हता, म्हणून उत्तरही थट्टेचे देऊन चालणार नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. त्यापूर्वी मनगटी घड्याळ म्हणजे परदेशी माल, साहेबाच्या आणि सावकाराच्या हातावर दिसणारा. एचएमटीने जी घड्याळे काढली त्यातल्या एकाचे नावच 'जनता' होते. रोज किल्ली द्यायची, साधी तबकडी, १७ ज्वेल. काही तबकड्यांवर आकडे देवनागरीत असत. आंधळ्यांसाठी, झाकण उघडून काटे बोटांनी चाचपता येतील, असेही घड्याळ या कंपनीने केले. ही ज्वेल म्हणजे काही दागिना नव्हे. फिरणाऱ्या आसांची झीज होऊ नये म्हणून बसवलेली ती कृत्रिम माणके असतात. पोलादी पट्टीच्या स्प्रिंगेत सकाळी आपण बोटांनी जोर भरतो, तो जोर चक्रांच्या माळेतून थोडा थोडा सुटतो, आणि बॅलन्सचे चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगेवर मागेपुढे झुलत त्याला आवर घालते. सेकंदाला पाच ठोके, तासाला १८,०००, दिवसरात्रीत ४,३२,०००. वीज नाही, सेल नाही. आमच्याकडे आषाढात वीज दोन-दोन दिवस जाते आणि मोबाईल मरून पडतो, तेव्हा शाळेची घंटा याच घड्याळावर होते. हा फायदा आहे, पण त्यासाठी एक घड्याळ पुरे. सात लागत नाहीत.

पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेकोने पहिले मनगटी क्वार्ट्झ बाजारात आणले. आपल्याकडे १९८४ साली टायटन कंपनी स्थापन झाली आणि किल्लीची घड्याळे मागे पडत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. बंद पडल्याची बातमी येताच, एरवी ढुंकून न पाहणारी माणसे ती घ्यायला धावली. मेल्यावर माणसाचे गुण आठवतात, तसेच हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. अंगावर वस्तू मिरवणे ही तृष्णा, असे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या बाबतीत एवढ्यावर थांबता येत नाही. बाबासाहेबांनी 'जातिभेदाचे निर्मूलन' या ग्रंथात इंदूरकडील बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. १९२८ साली तेथील सवर्णांनी बलायांवर नियम लादले. पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. इकडे महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना सांगितले ते नेमके उलट. जुने वळण टाका, नीट लुगडी नेसा, अंगावरून जात ओळखू येईल असे राहू नका. ज्याच्या अंगावर काय असावे हे दुसऱ्याने ठरविले होते, त्याने स्वतःच्या निवडीने एखादी वस्तू अंगावर घालणे हे केवळ हौसेचे कृत्य राहत नाही. भरल्या घरातल्या माणसाने अपरिग्रहाची महती सांगावी आणि रिकाम्या घरातल्याने मान डोलवावी, हा प्रकार आपण पुष्कळ पाहिला आहे. गांधीजींच्या साधेपणाची साक्ष म्हणून त्यांच्या कमरेच्या घड्याळाकडे बोट दाखवितात. तेच खिशातले घड्याळ, चष्मा, चपला आणि ताटवाटी मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाली, आणि आपल्या देशातील एका मद्यसम्राटाने ती १८ लाख डॉलरला घेतली. साधेपणाचाही संग्रह होतो, आणि त्याला भाव फार येतो!

घड्याळाच्या बाबतीत तर गोष्ट आणखी खोल जाते. घड्याळ वेळ मोजते, आणि वेळ कोणाची हा जुना झगडा आहे. महार वतनदाराला कामाची वेळ नव्हती. दिवस असो, रात्र असो, हाक आली की निघायचे, आणि घरचा कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्याने निघायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक आणले, त्यामागे ही जाच होती. ती वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. आमच्या या डोंगरातही तेच. जव्हार १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते, भोवतीच्या ठाणे जिल्ह्यात सावकार आणि जंगल ठेकेदार होते. लग्नासाठी कर्ज काढले म्हणून वारली, कातकरी जोडपे वर्षानुवर्षे मालकाच्या घरी राबे. त्याला लग्नगडी म्हणत. लग्नगड्याचा दिवस कधी संपतो? मालक म्हणेल तेव्हा. १९४५ साली वारल्यांनी डहाणू-तलासरी भागात वेठीविरुद्ध उठाव केला, तो मजुरीसाठी होता तसा आपल्या दिवसावरच्या हक्कासाठीही होता, असे मी समजतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याचे विधेयक १९४६ साली त्यांनी मांडले. तास मोजता येतात म्हणून तास मागता येतात. ज्याच्याजवळ घड्याळ नाही, त्याने मालकाच्या भोंग्यावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने पहिल्या पगारातून घड्याळ घेतले, याचा मला अचंबा वाटत नाही. सासऱ्याकडून हुंड्यात घड्याळ मागणारे निघाले, त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याविषयी लिहावे असे काही नाही.

पण हे सर्व एका घड्याळाचे समर्थन झाले. दुसऱ्याचे, सातव्याचे काय?

येथे आपल्याच ग्रंथांतील दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली आनंदाची. कोसंबीच्या उदेन राजाच्या राणीवशाने आनंदाला ५०० चीवरे दान दिली. राजाला शंका आली. हा श्रमण काय कापडाचे दुकान घालणार आहे? तो आनंदाकडे गेला आणि विचारीत राहिला. इतक्या चीवरांचे काय कराल? ज्यांची फाटली आहेत त्यांना देऊ. त्यांच्या जुन्यांचे काय कराल? पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. त्यांचे? खाली अंथरायला. मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी ५०० दिली. लक्षात घ्या, आनंदाने ५०० ही संख्या नाकारली नाही. राजानेही आकड्याला दोष दिला नाही. वस्तू पुढे कुठे जाते, एवढेच त्याने पाहिले.

दुसरी गोष्ट भिक्षापात्राची. विनयात नियम आहे की भिक्षूने जादा पात्र दहा दिवसांपेक्षा अधिक जवळ ठेवू नये, आणि हातातल्या पात्राला पाच ठिकाणी डागडुजी झाल्याशिवाय नवे मिळवू नये. हा नियम भिक्षूचा आहे, उपासकाचा नव्हे. हा भेद विसरून काही मंडळी गृहस्थालाही काषाय वस्त्र नेसवायला निघतात. गृहस्थासाठी अनाथपिंडिकाला सांगितलेली चार सुखे आहेत. संपत्ती असण्याचे, ती भोगण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष वर्तनाचे. दारिद्र्याचे गोडवे बुद्धांनी गायिले नाहीत, हे बाबासाहेबांनी वारंवार बजावले. तरीही पात्राला पाच डाग असू द्या, ही दृष्टी मला गृहस्थाच्याही उपयोगाची वाटते. नवी वस्तू घेण्यात जेवढा आनंद आहे, त्याहून डागडुजीत अधिक आहे, हे मला या घड्याळांनी शिकविले. क्वार्ट्झचे स्वस्त घड्याळ बंद पडले की फेकतात. किल्लीचे घड्याळ घड्याळजी भिंग लावून शंभराच्या आसपास तुकड्यांत सोडवितो, धुतो, तेल देतो, आणि पुन्हा चालते करतो.

हे तुकडे पाहताना मिलिंद राजा आणि नागसेन यांचा संवाद आठवल्यावाचून राहत नाही. रथ म्हणजे चाक काय, आस काय, दांडी काय? जुन्या घड्याळांच्या बाजारात हा प्रश्न रोज उभा राहतो. तबकडी एकाची, यंत्र दुसऱ्याचे, पाठीचे झाकण तिसऱ्याचे, आणि तबकडी पुन्हा रंगवून चकचकीत केलेली. हे घड्याळ कोणते म्हणायचे? नागसेनाचे उत्तर धरले तर 'जनता' हे नुसते नाव आहे. त्यात मला गैर काही वाटत नाही, चालणारे घड्याळ ते चालणारे घड्याळ. पण हेच जोडघड्याळ परदेशी गिऱ्हाईकाला 'कारखान्यातून आले तसे' म्हणून विकले जाते. तेथे अनात्मवाद संपतो आणि चौथे शील सुरू होते. हा व्यवहार आपल्यातले काही तरुण करू लागले आहेत, म्हणून स्पष्ट लिहिले.

कार्यकर्त्यांच्या प्रश्नातला सर्वांत बोचरा भाग त्यांनी बोलून दाखविला नव्हता, तो मीच मांडतो. दिवाळी झाली की माझ्या वर्गातील कित्येक मुले आईबापांबरोबर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. घरात उचल आधीच आलेली असते आणि मजुरी हजार विटांवर असते, तासावर नसते. मूल पहाटे उठून कच्च्या विटा उलटत असते, तेव्हा त्याचे गुरुजी सात घड्याळांना किल्ली देत असतात. हे चित्र मला सुखाचे वाटत नाही. ही घड्याळे विकून ती भट्टी बंद होणार नाही, हे खरे. पण एवढ्या उत्तराने समाधान होते असे म्हणणारा शिक्षक मी पाहिलेला नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्यास सांगितले. मी तो क्रम पाळतो. आधी विसावा हिस्सा, मग मुलांच्या वह्या, आणि उरल्यास घड्याळ. कर्ज काढून किंवा हप्त्यावर एकही घेतलेले नाही. दोन वर्षांत दोन घड्याळे दिली. एक दहावी करून नाशिकला शिकायला गेलेल्या मुलीला, दुसरे वस्तीवरील एका आशाताईंना, कारण नाडी मोजायला सेकंदाचा काटा लागतो. मग पुन्हा दोन घेतली. यात दान किती आणि नव्याची हाव किती, याचा हिशेब मला अजून नीट लागत नाही.

तिसरीच्या मुलांना वेळ वाचायला शिकविताना मी त्यातलेच एक उघडून टेबलावर ठेवतो. भट्टीवरून होळीनंतर परत आलेली मुलेही त्या वेळी जागची हलत नाहीत. गेल्या वर्षी एका कातकरी मुलाने विचारले, "गुरुजी, याला थांबवता येतं का?" मी बॅलन्सचे चाक चिमट्याने हलकेच धरले. ते थांबले. त्याने सोडायला सांगितले, पुन्हा धरायला सांगितले, आणि मग म्हणाला, "आता मला द्या, मी धरतो."