भूक लागली का?



आजचं चिंतन 'श्रीगजानन विजय' ग्रंथाच्या पहिल्या अध्यायावर. तुमच्यापैकी कितीतरी जणांना हा अध्याय जवळजवळ पाठ असेल. मलाही आहे. बहुतेक म्हणूनच मी तो नीट वाचला नव्हता.

२३ फेब्रुवारी १८७८. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झालेली. बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं एक तरुण वेचून खातोय. अंगात जुनी बंडी, जवळ पाण्याचा भोपळा आणि चिलीम. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसला असेल तो एक वेडा. बंकटलाल आणि दामोदरपंत मात्र थांबले. बंकटलालने विचारलं, हे असं का करताय? भूक लागली असेल तर जेवणाची सोय करतो. उत्तर आलं नाही, महाराजांनी फक्त वर पाहिलं. तरी ताट आलंच.

नाव, गाव, जात, काही विचारायच्या आधी ताट आलं. आणि गंमत बघा, त्यातलं काहीही आजवर कुणाला खात्रीने कळलेलं नाही. पुढची बत्तीस वर्षं महाराज तसेच राहिले, बहुतेक वेळ दिगंबर, कुणाच्याच चौकटीत न बसणारे. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो.

यंदा आमच्या चिखलीच्या घरी पारायण आहे. पहिला अध्याय वाचताना मला माझा मामेभाऊ आठवला. चुकलो, मामेबहीण. ती आता पुण्यात बाईमाणूस म्हणून राहते, नोकरी करते. तीन वर्षं गावाकडे आलेली नाही, कारण 'लोक काय म्हणतील' हे तिला आधीच सांगून झालंय. सांगणारे मोठे होते. पण मी तिथेच बसलो होतो आणि गप्प होतो.

माझी अडचण खरं तर भाषेपासूनच. मराठीत साधं 'जेवलास का' विचारायचं तरी समोरचा पुरुष की बाई हे आधी ठरवावं लागतं. त्या भीतीने मी तिला फोन करणंच सोडलं. काल लक्षात आलं, 'भूक लागली का' या वाक्यात काहीच ठरवावं लागत नाही. बंकटलालचा प्रश्न कुणालाही विचारता येतो.

मामा म्हणतात, हे आपल्या धर्मात बसत नाही. मी बृहन्नडेचं नाव काढलं. अज्ञातवासात अर्जुन वर्षभर विराटाच्या घरी उत्तरेला नृत्य शिकवत होता. (विराटानेसुद्धा आधी तपासणी करून घेतली होती म्हणा. त्या बाबतीत बंकटलाल राजापेक्षा मोठा.) मामा म्हणाले, तो शाप होता. मी वाद वाढवला नाही. पण आपल्याच जिल्ह्यातलं मेहुणा राजा चोखोबांचं जन्मगाव मानतात. त्यांना देवळाच्या आत येऊ न देणाऱ्यांनाही धर्म पाठच होता, हे मात्र बोलून गेलो. मामा चहा अर्धा ठेवून उठले. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क दिला, हे सांगायचं राहूनच गेलं. घरात कोर्टाचं चालतं कुठे!

रात्री तिला फोन लावला. "रविवारी समाप्ती आहे. पिठलं-भाकरी, अंबाडीची भाजी. ये जेवायला."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "दादा, साडी नेसून येऊ का?"

इथे मी अडखळलो, खोटं कशाला सांगू. डोळ्यांसमोर पंगत आली, शेजारच्या काकू आल्या, मामा आले.

"ये," म्हणालो. "स्टँडवर घ्यायला येतो."

आईला अजून सांगायचंय. आज दुसरा अध्याय वाचून झाला की सांगतो.